एवढं लिहून द्या

शाळेचा नकार सहसा नकारासारखा दिसत नाही. "आमच्याकडे तशी सोय नाही हो ताई." "बाकीच्या मुलांचे पालक कुरकुर करतात." "तुमच्याच लेकराचे हाल होतील, एखादी स्पेशल स्कूल बघा ना." "आत्ता जागा भरल्यात, जूनमध्ये एक चक्कर मारा." शाळा गुजराती माध्यमाची असेल तर, "एने कंई आवडतुं नथी, बेन." बोलणारा बहुतेक वेळा सौजन्याने बोलतो, बसायला खुर्ची देतो. आईबाप ऐकून घेतात, वर आभार मानतात आणि फाटकाबाहेर पडतात. एवढ्या सगळ्यात कुणी एक ओळसुद्धा लिहून देत नाही.

का देतील? हेच वाक्य शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह उतरलं तर तो कायदा मोडल्याचा पुरावा होतो, आणि हे पालकापेक्षा शाळेला जास्त चांगलं ठाऊक असतं. दिव्यांग मुलाच्या शिक्षणाचा हक्क या देशात भरपूर लिहिला गेला आहे. त्याला मिळणारा नकार मात्र तोंडीच राहतो. या दोन्हींच्या मध्ये जो अडकतो तो पालक, आणि तो सुरतेसारख्या शहरात पोटासाठी आलेला मराठी माणूस असेल तर त्याची अडचण आणखी दोन-तीन पदरी होते. म्हणून हा लेख सुरतेतून.

सुरतेत मराठी माणूस पाहुणा नाही. तापीच्या काठाने भुसावळ-जळगावकडून येणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली, आणि अमळनेर, धरणगाव, दोंडाईचा, नंदुरबार ही गावं सुरतेला जोडली गेली. आधी मुंबईकडे जाणारा खानदेशी तरुण पुढे उधन्याला उतरू लागला. लूमवर, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, पोलिसांत, रिक्षावर, महापालिकेत तो लागला. लिंबायत, डिंडोली, नवागाम, गोडादरा, उधना हे पट्टे असे आहेत की सकाळी दुधाच्या रांगेत अहिराणी ऐकू येते. नवसारी मतदारसंघाचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील. मतांच्या हिशेबात इथला मराठी माणूस नीट मोजला जातो. महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवते. देशात फार थोड्या महापालिका एवढ्या भाषांतून शिकवतात, आणि त्याचं श्रेय सुरतेला द्यायलाच हवं.

आता एक घर धरून चालू. खरं नाव-गाव नको, पण अशी घरं डिंडोलीत कुणालाही भेटतील. वडील मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला. आई घरी साड्यांचं काम करते, धागा कटिंग, लेस, स्टोन, नगावर पैसे. मोठी मुलगी सातवीत. धाकटा आठ वर्षांचा, महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत. बोलायला चुरचुरीत, पाढे तोंडपाठ, दुकानातून सुटे पैसे बरोबर मोजून आणतो. पण वाचायला बसवलं की घाम फुटतो. 'घर' आणि 'धर' त्याला एकच दिसतात. वहीतली ओळ रेघ सोडून खाली घसरते. बाई म्हणतात, लक्ष नाही. बाप म्हणतो, मोबाईल बंद करा. आजी म्हणते, पोऱ्याला कुणाची नजर लागली. अडचण वाचनातच असेल, हे तिघांपैकी कुणाच्याही मनात येत नाही.

डिसेंबर २००७ मध्ये 'तारे जमीन पर' आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द मराठी घरांत पोहोचला. कायद्यात पोहोचायला त्याला आणखी नऊ वर्षं लागली. १९९५ च्या जुन्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, हालचालीचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. त्यात स्वमग्नता नव्हती, अध्ययन अक्षमताही नव्हती. महाराष्ट्रात नव्वदीच्या दशकात मुंबईतले पालक आणि सायन रुग्णालयातले डॉक्टर यांनी धडपड करून दहावीच्या परीक्षेत सवलती मिळवल्या, पण ती राज्याची मेहेरबानी होती. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम केला आणि सातांचे एकवीस प्रकार झाले. त्यात ही दोन्ही आली. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे.

या कायद्यातली शिक्षणाची कलमं मोजकीच आहेत, पण ती सावकाश वाचावी लागतात. सोळावं कलम सांगतं की सरकारने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या सगळ्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत त्याला वापरता येईल अशी करावी, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी आणि गरज असेल तर त्या एका मुलापुरती मदत उभी करावी. याच कलमात आणखी एक पोटकलम आहे, ज्याच्याकडे कुणी बघत नाही: अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि त्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करणं. म्हणजे आपल्या तिसरीतल्या मुलाची अडचण शोधून काढणं हे कायद्याने आईचं काम ठेवलेलं नाही. ते शाळेकडे दिलं आहे, आणि त्यासाठी आधी दाखला आणा अशी अट कुठेही नाही.

सोळाव्या कलमात एक पळवाट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. त्याची सुरुवात 'सरकार तसा प्रयत्न करील' अशी आहे, आणि शाळांचे वकील याच शब्दाला धरून बसतात. पण त्याच कायद्यात भेदभावाच्या व्याख्येत वाजवी सोय नाकारणं हाही भेदभाव धरला आहे, आणि एकतिसाव्या कलमात 'प्रयत्न' नाही, 'हक्क' आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क. पसंती मुलाची, म्हणजे व्यवहारात आईबापांची. "विशेष शाळेत न्या" हे सुचवायला मुख्याध्यापकांना मोकळीक आहे, ठरवायला नाही. आणि ज्याचं प्रमाण ३५ टक्के भरलं त्याचं काय? एकतिसावं कलम त्याच्या हातून सुटतं, सोळावं आणि परीक्षेतल्या सवलतींचं सतरावं सुटत नाहीत. ४० च्या खाली असलेल्या मुलाला काहीच मिळत नाही हा समज सरकारी कचेऱ्यांतही पक्का बसलेला आहे, आणि तो चुकीचा आहे.

शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा याच्या शेजारी उभा आहे. १ ऑगस्ट २०१२ पासूनच्या दुरुस्तीने दिव्यांग मूल 'वंचित गटा'त आलं. त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांवर ते हक्क सांगू शकतं. गुजरातेत ही प्रक्रिया वर्षातून एकदा, ऑनलाइन होते, आणि तारीख हुकली की वर्ष गेलं. याच दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचाही हक्क दिला. हेतू चांगला होता. पण 'घरबसल्या शिक्षण' हा मुलाने निवडायचा पर्याय आहे, शाळेने डोकेदुखी टाळायला वापरायची पळवाट नव्हे. प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घ्यायलाही हा कायदा बंदी करतो. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करून मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली खरी, पण आठवी पूर्ण होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही, हे जसंच्या तसं आहे.

आणि 'शॅडो टीचर'. बऱ्या खासगी शाळांत हल्ली प्रवेशाच्या वेळीच सांगतात: मुलाबरोबर दिवसभर बसणारी एक बाई तुम्ही ठेवा, पगार तुम्ही द्या. कित्येक घरांत आईच नोकरी सोडून वर्गाबाहेरच्या बाकावर बसते. एकेका मुलापुरती लागणारी मदत पुरवणं कायद्याने संस्थेच्या कर्तव्यांत घातलं आहे. ते बिल पालकाच्या नावावर कसं फाटलं, हा प्रश्न विचारणारे पालक कमी आहेत, कारण प्रवेश गमावण्याची भीती मोठी आहे.

सुरत दानशूर गाव आहे, हे खरंच. घोडदोड रोडवरची अंबाबेन मगनलाल अंधजन शाळा असो, की स्वतः पोलिओशी झगडलेल्या पद्मश्री कनुभाई टेलरांनी उभी केलेली डिसेबल्ड वेल्फेअर ट्रस्ट ऑफ इंडिया असो, कापड आणि हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर इथे अशी कामं उभी राहिली. सरकारला जे सुचलं नाही ते अशा लोकांनी केलं. मराठी माध्यमाच्या विशेष शाळेची अपेक्षा मात्र इथे कुणी धरत नाही. अंध मुलाचं त्यातल्या त्यात बरं, कारण भारती ब्रेलमध्ये मराठी 'क' आणि गुजराती 'क' यांचे ठिपके तेच, तेव्हा एक लिपी बोटांना आली की दुसरी फारशी परकी राहत नाही. कर्णबधिर किंवा मतिमंद मुलाला भाषा बदलणं असं सोपं जात नाही. दानाबद्दल माझा आक्षेप एवढाच आहे की दात्यापुढे आपण हात जोडून उभे राहतो, आणि ती सवय लागली की महापालिकेच्या शाळेच्या कचेरीतही माणूस हात जोडूनच जातो. तिथे तो मागत असतो ते मात्र त्याच्या मुलाचंच असतं.

आता दाखला. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र यांसाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. सुरतेत ही वाट बहुतेकांना मजुरागेटच्या नव्या सिव्हिलकडे नेते. लिंबायत-डिंडोलीच्या घराला तो अख्खा एक दिवस. आईचा नगावरचा रोज बुडतो, बापाची पाळी बुडते, आणि डॉक्टर म्हणाले 'पुन्हा या' की परत तेच. एवढं करून शेवटी एक कार्ड हाती येतं. ज्यांनी हा दाखला आधीच धुळ्याला किंवा जळगावला काढलेला आहे, त्यांना सुरतेत हमखास सांगितलं जातं, "हे महाराष्ट्राचं आहे, गुजरातचं काढा." कायद्याचं अठ्ठावन्नावं कलम सांगतं, दाखला देशभर चालतो. नवापूरच्या स्टेशनावर राज्य बदलतं, मुलाचं दिव्यांगत्व बदलत नाही. अठ्ठावन्नाव्या कलमाची एक छापील प्रत फाइलला लावून ठेवली तर दहा मिनिटांचा वाद वाचतो.

अध्ययन अक्षमतेच्या दाखल्याची गोष्ट वेगळी आणि जास्त कटकटीची. २०१८ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी हा दाखला आठ वर्षांनंतरच मिळेल असं ठरवलं, आणि पुन्हा चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी ठेवली. आठच्या आधी निदान पक्कं होत नाही, हे वैद्यकीय कारण समजण्यासारखं आहे. पण मग पहिली-दुसरीची दोन वर्षं, जेव्हा अक्षरं बसायची असतात, ती कोणाच्या हवाली? सोळाव्या कलमाचं ते दुर्लक्षित पोटकलम नेमकं इथे लागू पडतं.

आणि तपासणी कोणत्या भाषेत? डिंडोलीतल्या आपल्या मुलाचा भाषांचा हिशेब बघा. घरात अहिराणी. शाळेत मराठी, पुस्तकातली, पुणेरी वळणाची. इंग्रजी आहे. हिंदी आहे. गल्लीत हिंदीच चालते, कारण शेजारी उत्तर प्रदेशचा आणि वरच्या मजल्यावर ओडिशाचा. आणि गुजराती, जी २०२३ च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी सक्तीची झाली. त्या कायद्यामागची भूमिका मला पटते. मराठी सक्तीची करणाऱ्या महाराष्ट्राच्या माणसाने गुजरातला नावं ठेवायची कशी? पण ज्या मुलाला देवनागरी अक्षर धड ओळखू येत नाही, त्याच्यापुढे शिरोरेषा नसलेली दुसरी लिपी आणि त्यावर रोमन लिपी ठेवली, तर त्याच्या वहीचं काय होईल ते सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. अशा मुलाची चाचणी इंग्रजीत किंवा गुजरातीत घेतली तर त्याची अक्षमता मोजली की परकी भाषा मोजली, हेच कळत नाही. इथे मराठी मुलाच्या बाजूने एक गोष्ट आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाचं डिस्लेक्सिया तपासण्याचं साधन आणलं, तेव्हा त्याच्या पहिल्या चार भाषांत हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठी होती. गुजराती नव्हती. सुरतेतल्या मराठी पालकाने "माझ्या मुलाला मराठीत तपासा" असा आग्रह धरला तर ती काही अशक्य मागणी नाही.

भाषांचं ओझं उतरवायलाही कायदा आहे. सतराव्या कलमात परीक्षापद्धतीत करायचे बदल नावानिशी लिहिले आहेत: जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. यासाठी ४० टक्क्यांची अट नाही. मुलाच्या दाखल्यासोबत मुख्याध्यापकांकडे अर्ज करायचा. तो वर्ष सुरू होतानाच करावा, परीक्षेच्या तोंडावर नाही, कारण बोर्डाच्या परीक्षेची परवानगी शाळेमार्फतच जाते आणि शाळेची फाइल हलायला तिचा तिचा वेळ घेते. सवलत दिली तर 'बाकीच्यांवर अन्याय' होतो, असं म्हणणारे शिक्षक भेटतील. त्यांना सर्वोच्च न्यायालयाचे २०२१ चे दोन निकाल दाखवावेत. फेब्रुवारीत विकास कुमार यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की ४० टक्क्यांच्या खाली असलेल्या माणसालाही लेखनिक नाकारता येणार नाही, कारण वाजवी सोय हा समानतेचाच भाग आहे. नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश यांच्या खटल्यात, लेखन-अक्षमता असलेल्या मुलीला 'नीट'मध्ये जादा तास न दिल्याबद्दल परीक्षा घेणाऱ्या संस्थेला न्यायालयाने बोल लावले.

अमेरिकेतल्या मराठी घरांत अशा मुलाचा विषय निघाला की 'आयईपी' हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत येतो. न्यू जर्सीतल्या कुणा मावसबहिणीने फोनवर तो सुरतेपर्यंतही पोहोचवलेला असतो. १९७५ मध्ये तिथे झालेल्या कायद्याने प्रत्येक दिव्यांग मुलासाठी एक लेखी वैयक्तिक आराखडा (हाच आयईपी) सक्तीचा केला, आणि तो ठरवणाऱ्या बैठकीत पालकाला हक्काची जागा दिली. पण त्या कायद्यातली मला सर्वांत हेवा वाटणारी तरतूद ही नाही. शाळेने पालकाची मागणी नाकारली, तपासणी, शाळा, मदत काहीही, तर तिने तसं लेखी कळवायचं, कारणांसह, आणि शक्य असेल तोवर पालकाच्या स्वतःच्या भाषेत. म्हणजे नकार लिहून देणं हे तिथे शाळेचं कर्तव्य आहे. तिथलं सगळंच गोड आहे असं नाही. ज्याला वकील परवडतो त्याचा आराखडा जाड होतो, हे तिथलेच लोक सांगतात. पण तोंडी नकाराची वाट त्यांनी बंद केली. आपल्या कायद्यात एवढं एकच कलम असतं तर बाकीच्या कलमांना धार आली असती.

ते नाही म्हणून पालकाने ते स्वतः घडवायचं. कसं, तर साधा अर्ज. तो असा असू शकतो:

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम १६ व ३१ नुसार प्रवेश व सोयींबाबत. महोदय, माझा मुलगा इयत्ता तिसरीत आहे / माझ्या मुलाला आपल्या शाळेत तिसरीत प्रवेश हवा आहे. त्याला वाचन-लेखनात अडचण आहे. त्याची तपासणी मराठीतून व्हावी, परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळावा आणि कलम १७ नुसार तिसऱ्या भाषेतून सूट मिळावी, ही विनंती. वरीलपैकी काही देता येत नसल्यास त्याचे कारण कृपया लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य सोडू नये. दोन प्रती काढायच्या, एक द्यायची, दुसरीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का मारून घ्यायचा. मराठी शाळा असेल तर मराठीत, एरवी शेजारच्या दहावीतल्या मुलाकडून गुजरातीत लिहून घ्यायचा, अक्षर कसंही चालेल. शाळेने शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा, पोचपावतीसह. या एका कृतीने बोलण्याचा सूर बदलतो. कालपर्यंत "बघू" म्हणणारे मुख्याध्यापक आज शिक्षण समितीच्या कचेरीत फोन करतात. सगळीकडे चमत्कार होईल असं नाही, पण पुढे कुठेही दाद मागायची तर आधी हेच विचारतात, अर्ज केला होता का, पोच कुठाय?

दाद मागायच्या जागा बऱ्याच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक पालकांना माहीत नसतात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेशासाठी आणि सोयींसाठी एक नोडल अधिकारी असायला हवा. तो कोण आहे, एवढा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारला तरी कचेरीत खळबळ होते. गुजरातेत या अर्जाची फी २० रुपये, उत्तर ३० दिवसांत. त्याच अर्जात विचारावं: या शाळेत दिव्यांग मुलं किती, विशेष शिक्षक किती, त्यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, आणि सतराव्या कलमातलं दर पाच वर्षांनी करायचं शाळकरी मुलांचं सर्वेक्षण शेवटचं कधी झालं. त्यातलं पहिलं सर्वेक्षण एप्रिल २०१९ पर्यंत व्हायला हवं होतं. शिक्षण हक्क कायद्यानुसारची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते. राज्याचा दिव्यांग आयुक्त दिवाणी न्यायालयासारखा माणसं बोलावू शकतो, कागद मागू शकतो. त्याची शिफारस मात्र शिफारसच असते. न मानणाऱ्या खात्याने तीन महिन्यांत कारण द्यायचं, इतकंच. हा या कायद्याचा दुसरा अशक्त सांधा. दंडाचं कलम आहे, पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत. मोठ्या खासगी शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मांडव तेवढ्यात उभा राहत नाही. अहमदाबादचं उच्च न्यायालय शेवटचं, आणि तिथवर जायला वकील लागतो. पण तो विकत घ्यावाच लागतो असं नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्री, मूल आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. आपल्या प्रकरणात आई आणि मुलगा, दोघेही त्यात बसतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारातच असतं.

आणि एक जागा तर शाळेच्या आतच आहे. सरकारी-पालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा. २०१२ पासून दिव्यांग मूल त्या गटात आहे, म्हणजे त्याच्या आईला या समितीत बसायचा हक्क आहे. शाळेचा विकास आराखडा इथे ठरतो. रॅम्प, संडासातला दांडा, वाचनाच्या जादा तासिका या मागण्या तिथे इतिवृत्तात नोंदवता येतात. महिन्यातली एक संध्याकाळ धागा कटिंग बाजूला ठेवावं लागेल. पण दिवसभर वर्गाबाहेर बसण्यापेक्षा ती बैठक बरी.

एवढं करूनही वर्गात शिकवणार कोण? कायद्यापाशी याचं उत्तर नाही, ते तिजोरीपाशी आहे. गुजरातेतही समग्र शिक्षा अभियानात विशेष शिक्षक कंत्राटावर असतात, आणि एकेकाच्या वाट्याला अनेक शाळा येतात. आठवड्यातून एकदा येणाऱ्या बेन मुलाचं नाव लक्षात ठेवतात तेच खूप. २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला यांचं प्रमाण ठरवायला लावलं. मग केंद्राने प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण अधिसूचित केलं. ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाला पुन्हा त्याच प्रकरणात राज्यांना सांगावं लागलं: पदं मंजूर करा, जाहिराती काढा, कंत्राटी शिक्षकांची छाननी करून त्यांना नियमित करा. साडेतीन वर्षांत राज्यांनी काय केलं होतं ते यावरून कळतं. २०११ च्या जनगणनेत ५ ते १९ वयाच्या दिव्यांग मुलांपैकी २७ टक्के कधीच शाळेत गेली नव्हती. ती आता मोठी झाली. त्यांच्यासाठी हे आदेश उशिरा आले.

कायद्यातलं शाळेचं मोफत शिक्षण अठराव्या वर्षी संपतं आणि पुढे रस्ता फुटतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मूल सज्ञान झालं की त्याच्या वतीने सही करण्याचा आईबापांचा अधिकार आपोआप संपतो, आणि कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. अठरा वर्षं ज्याला वाढवलं त्याच्या बँकेच्या कागदावर सही करायला समितीची मंजुरी लागते, हे कळल्यावर अनेक आया चिडतात. त्यांचं चिडणं समजतं, पण मुलाच्या नावावरची मिळकत भलत्याच नातेवाइकाने लाटू नये म्हणून ते आहे. याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंतची, आणि ती घ्यायला अठरा वर्षं थांबायची गरज नाही.

आपल्या डिंडोलीच्या मुलाला पालक नेमावा लागणार नाही. प्रमाण ४० टक्के भरलं तर त्याला सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या ५ टक्के राखीव जागा आहेत, वयाची ५ वर्षांची सूट आहे. फक्त त्यासाठी आठव्या आणि चौदाव्या वर्षी काढलेला दाखला चालत नाही. अठराव्या वर्षी तिसऱ्यांदा तपासणी, त्या वर्षीच्या प्रवेशअर्जाच्या मुदतीआधी, आणि ती बहुधा बारावीच्या परीक्षेच्याच महिन्यांत येते.